निळं जायला लागणारा वेळ

सर कुणालाही पहिल्या भेटीत नाव विचारायचे नाहीत. विचारायचे, "आज सकाळी काय खाल्लंस?"

अकरावीत मी पहिल्यांदा त्यांच्या लॅबमध्ये गेले तेव्हा मलाही हेच विचारलं. मी म्हटलं, "भात." "आणि काल रात्री?" "भात." "दुपारी?" मागची पोरं खिदळायला लागली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातून पार्ल्याच्या कॉलेजात आलेली मी, तीन वेळा भात खाते हे जगजाहीर झालं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सर मात्र खूश. टेबलावरची एक टेस्ट ट्यूब उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "छान! थुंक यात."

तर हे आमचे बायोलॉजीचे सर. पोरं त्यांना पाठीमागे 'लाळ्या' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. गळ्यात कायम नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच. पार्ल्याच्या भाजीबाजारात गेले तरी काढायचे नाहीत. पोरांना नावाने कधी हाक मारली नाही, रोल नंबरने मारली. माझा सत्तेचाळीस. पुढे मी त्याच लॅबमध्ये असिस्टंट म्हणून नोकरीला लागले, माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, तरी यांचं आपलं चालूच, "अगं सत्तेचाळीस, बर्नर बंद केलास का?"

ते प्रॅक्टिकल काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. पेजेसारखं दिसणारं स्टार्चचं पाणी घ्यायचं. त्यात आयोडीन पडलं की ते निळंशार होतं, जवळजवळ काळंच. आता दुसऱ्या नळीत तेच स्टार्चचं पाणी घेऊन त्यात पातळ केलेल्या लाळेचे चार थेंब घालायचे. लाळेत एन्झाइम असतं, ते स्टार्च तोडून त्याची साखर करतं. मग दर दहा सेकंदांनी त्या नळीतला एकेक थेंब काढून पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनवर टाकत राहायचं. सुरुवातीला निळं, मग जांभळं, मग तपकिरी, आणि शेवटी आयोडीन आपलं पिवळंच्या पिवळं राहतं. निळं गेलं! किती वेळात गेलं ते लिहायचं. चाराऐवजी दोन थेंब घातले की वेळ दुप्पट, एकच घातला की चौपट. संपलं. पुस्तकात हे दीड पान आहे. सरांनी त्यावर अख्खं आयुष्य काढलं.

त्यांची एक वही होती. वही कसली, जाडजूड रजिस्टरंच होती तीन. आलेल्या प्रत्येक पोराचा रोल नंबर, त्याने काय खाल्लं, निळं जायला किती वेळ लागला, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेरे दोनच. 'बरोबर', नाहीतर लाल शाईत 'खोटं. पुन्हा कर.'

मला पहिल्याच खेपेला लाल शाई मिळाली. झालं काय, मी थुंकले तर होते, पण पुढे कंटाळा आला आणि एका सिनियर मुलीच्या जर्नलमधून आकडे उतरवले. चार थेंबांना दोन मिनिटं, दोन थेंबांना चार, एका थेंबाला आठ. इतकं सुंदर! सरांनी बघितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सत्तेचाळीस, वेळ इतका शहाणा नसतो गं. बरोबर दुप्पट, बरोबर चौपट फक्त पुस्तकात येते. खऱ्यात दहा-वीस सेकंद कुठेतरी सांडतातच." मला सगळं पुन्हा करायला लावलं. सगळी पोरं घरी गेली तरी मी आपली थेंब टाकतेय. दोन-दहा आलं, मग साडेचार, मग आठ-पन्नास. सरांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढे 'बरोबर' लिहिलं. वर्गात सगळ्यांत जलद लाळ माझी निघाली होती. "तीन वेळा भात खाण्याचा गुण," ते म्हणाले. तेव्हापासून मी डब्यात भात लपवणं बंद केलं.

खोट्या आकड्यांचा त्यांना इतका राग की एकदा तपासनीस म्हणून बाहेरच्या कॉलेजात गेले आणि सगळ्या बॅचची जर्नलं परत पाठवून आले. तिथले मास्तर म्हणाले, "अहो सर, सगळेच करतात." सर म्हणाले, "मग सगळ्यांनी पुन्हा करा." त्यानंतर त्यांना परत कुणी बोलावलं नाही.

जेवण बघावं तर त्यांचं. एकेक घास बत्तीस वेळा. मोजून. स्टाफरूममध्ये त्यांच्याबरोबर जेवायला कुणी बसत नसे, कारण डबा उघडल्यापासून बंद होईपर्यंत एक लेक्चर होऊन जायचं. एका लग्नात केटररच्या माणसाने यांची प्लेट संपली समजून उचलली, तर हे तोंडात घास घेऊन त्याच्या मागे भांडी घासायच्या जागेपर्यंत गेले. नव्या बॅचला पहिल्या दिवशी कोरडा भात चावायला लावायचे. "गिळायचा नाही. चावत राहा. गोड लागला की हात वर." मिनिटभराने एकेक हात वर व्हायला लागायचा आणि सरांचा चेहरा असा काही फुलायचा की जणू तो भात त्यांनीच गोड केला.

क्लासवाल्यांवर त्यांचा दात. अंधेरीला एक क्लास दोन वर्षांचा पोर्शन आठ महिन्यांत संपवून द्यायचा. त्या पोरांना सर म्हणायचे, "एन्झाइम वाढवलं म्हणून साखर जास्त येत नाही रे. स्टार्च तेवढंच आहे. लवकर संपतं, एवढंच. पुढे काय करणार, रिकाम्या नळीकडे बघत बसणार?"

आणि माझ्यासारख्या ढ पोरांना वेगळं सांगायचे. मी बारावीत नापास झाले तेव्हा माझी आई टोपली घेऊन तशीच कॉलेजात आली. ती कुणालाही अहो-जाहो करत नाही. तिने सरांना धरलं, "मास्तर, दोन वर्सं तू माजे पोरीची थुकी काढलीस, डोस्क्यात काय घातलंस?" सर हसले नाहीत. तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि तिच्यासमोर दोन नळ्या लावल्या. एकीत चार थेंब, दुसरीत अर्ध्या थेंबाएवढंच काहीतरी. पहिलीतलं निळं लगेच गेलं. दुसरीसाठी आई तब्बल पाऊण तास बसून राहिली, बाहेर तिची टोपली, मांजरं गोळा झालेली. शेवटी तेही गेलं. सर म्हणाले, "कमी असलं की उशीर होतो, बाई. होत नाही असं नाही. हिचं कमी आहे, शून्य नाही. शून्य असलं तर मात्र काही करता येत नाही." आईला किती कळलं देव जाणे, पण घरी येऊन मला मारलं नाही. मी दुसऱ्या खेपेला पास झाले आणि लॅबची जागा निघाली तेव्हा सरांनीच अर्ज भरून घेतला. आज माझं जे काही आहे ते त्या दुसऱ्या नळीमुळे आहे, हे मी कुणालाही सांगेन.

मग तो कोरोना आला आणि गेला, आणि जाताना सरांचं प्रॅक्टिकल घेऊन गेला. वरून नोटीस आली, लॅबमध्ये लाळ वापरायची नाही. त्याऐवजी एन्झाइमची पावडर आली, डब्यात. सर प्रिन्सिपॉलशी भांडले, हरले. पावडरीला ते 'डब्यातली लाळ' म्हणायचे. सगळ्या पोरांना एकच आकडा यायला लागला. कुणी काय खाल्लं हे विचारायचं कारणच उरलं नाही. तरी ते विचारायचेच. पोरं एकमेकांकडे बघायची. वहीत नवीन पान लागलं नाही.

त्यानंतर वर्षभरात त्यांना गिळताना टोचायला लागलं.

जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. कॅन्सर. ज्या माणसाने आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही त्याला! स्टाफरूममध्ये एकजण हळूच म्हणाला, "चोरून खात असणार." मी त्याच्या हातातला चहा काढून घेतला आणि बेसिनमध्ये ओतला. नोकरी जायची ती जाऊ दे म्हटलं. गेली नाही.

रेडिएशनचा शेक देऊन गाठ बसली. पण गळ्याला दोन्ही बाजूंनी शेक दिल्यामुळे लाळेच्या ग्रंथी जळल्या. तोंड कोरडं ठाक. पोटाला नळी बसवली, काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, त्यातून पातळ करून घालायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, काहींची लाळ वर्षभरात थोडी परत येते, काहींची येत नाही. आली तर हळूहळू तोंडाने जेवता येईल. नाहीतर नळी कायमची.

डॉक्टर दुसऱ्या कुणाला हे बोलला असता तर तो माणूस वाट बघत बसला असता. सर आले लॅबमध्ये. शनिवारी, पोरं गेल्यावर. अंगावरचा शर्ट हँगरवर टांगल्यासारखा, गळ्याची कातडी काळी पडलेली, आणि त्यावर ते स्टॉपवॉच. आवाज घोगरा. "सत्तेचाळीस, स्टार्च कर ताजं."

त्यांना थुंकता येत नव्हतंच. घोटभर पाणी तोंडात घोळवायचे, तेच पाणी लाळ म्हणून घ्यायचं. स्टार्च नीट झालंय की नाही हे बघायला आधी माझ्या लाळेचे चार थेंब घालून एक नळी चालवायची, तिचा वेळ फळ्यावर लिहायचा, मग सरांची. नोटिशीला मी विचारलं नाही. माझी दोन-सव्वादोन मिनिटांत पिवळी. सरांची निळी. दहा मिनिटं निळी. तासभर निळी. ते उठायचे, मला वहीत 'निळं' लिहायला सांगायचे, आणि म्हणायचे, "पुढच्या महिन्यात."

असे सहा महिने गेले. दर महिन्याला माणूस थोडा कमी होऊन यायचा, आणि वही तेवढीच जाड. एकदा मी म्हटलं, "सर, नका ना करू. आलं तर कळेलच की." ते म्हणाले, "मला भरपूर नको आहे गं. अर्धा थेंब पुरे. मी दोन तास चावेन एक घास. शून्य नको, एवढंच."

सातव्या खेपेला काकू बरोबर आल्या. त्या कधी लॅबमध्ये आल्या नव्हत्या. खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काल म्हणाले, आज शून्य आलं तर बस. मग औषधंही नकोत आणि नळीतलंही नको. तू ओळखतेस ना त्यांना? बोलले म्हणजे करतील."

ओळखत होते मी. चांगलीच ओळखत होते.

माझी नळी झाली. दोन-वीस. फळ्यावर लिहिलं. सरांनी पाणी घोळवून कपात टाकलं. मी पाठमोरी होऊन त्यांची नळी भरायला घेतली. समोर माझ्या लाळेचा बीकर, ड्रॉपर त्यातच. चार थेंब घातले असते तर लगेच पकडलं असतं, एवढी अक्कल होती मला. म्हटलं, थोडंच घालू. एक थेंब. एकच घातला, वरून सरांचं पाणी घातलं, आणि देवाची शपथ सांगते, मला त्या वेळी काडीची लाज वाटली नाही.

पाच मिनिटं निळं. सहा मिनिटं निळं. सरांनी डोळे मिटले होते. सातव्या मिनिटाला जांभळट दिसायला लागलं, काकू स्टुलावरून उठल्या. मग तपकिरी. मग एक थेंब पडला आणि आयोडीन पिवळं राहिलं. मी ओरडले, "नऊ-दहा! सर, गेलं! निळं गेलं!"

काकू तिथेच टेबलाला धरून रडायला लागल्या. मीही रडत होते, माझं रडणं तर खरंच होतं. सर टाइलकडे बघत होते. मग फळ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग काकूंकडे बघितलं, त्या पदराने तोंड दाबून हसत होत्या आणि रडत होत्या. नेहमी वहीत मी लिहायचे नाहीतर ते सांगून लिहून घ्यायचे, त्या दिवशी त्यांनी पेन मागितलं, स्वतः लिहिलं, वही मिटली आणि काखेत धरली. "चला," काकूंना म्हणाले, "घरी मऊ भात लाव."

दारातून वळून मला म्हणाले, "येतो, सत्तेचाळीस." यापूर्वी ते कधी 'येतो' म्हणाले नव्हते. थेट निघून जायचे.

आठव्या महिन्याला ते आले नाहीत. गाठ परत आली होती, या वेळी फुफ्फुसात. सर गेले.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी मला हाताला धरून आत नेलं. म्हणाल्या, "तुझे उपकार कसे फेडू गं? तू ते करून दाखवलंस, त्यानंतर दीड महिना रोज एक चमचा मऊ भात तोंडाने घेतला त्यांनी. रोज. बत्तीस वेळा चावून. मी समोर बसून मोजायची. मग विचारायची, गोड लागला? आणि ते म्हणायचे, लागला. शेवटच्या आठवड्यापर्यंत म्हणत होते, लागला. तेवढं सुख बघायला मिळालं मला."

त्या तोंडात लाळेचा टिपूस नव्हता, हे या जगात मला एकटीला ठाऊक होतं. कोरड्या तोंडात भात म्हणजे वाळू. दीड महिना मी त्या माणसाला वाळू चावायला लावली. आणि ज्याने अख्ख्या बॅचची जर्नलं परत पाठवली त्याला वाटलं असणार की दोष आपल्या जिभेचा आहे. एन्झाइम आहे, मग गोड का लागत नाही, म्हणून रोज डोकं फोडलं असणार बिचाऱ्याने. काय करून बसले मी, काय करून बसले, एवढंच मनात चाललं होतं.

काकूंनी आतून ती तीन रजिस्टरं आणली. "हे तुझ्याकडे राहू दे म्हणाले होते. सत्तेचाळीसला दे, म्हणाले."

रिक्षात बसले आणि शेवटचं रजिस्टर उघडलं. जुहू गल्लीच्या सिग्नलला रिक्षा अडकली होती, मागचे हॉर्न वाजवत होते. शेवटच्या पानावर सहा ओळी, सहा वेळा 'निळं', त्यांच्या नावाने. सातवी ओळ त्यांच्याच अक्षरात, वेडीवाकडी. पण रोल नंबरच्या रकान्यात त्यांचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ४७. खाल्लं काय, तर 'भात'. पुढे बारीक अक्षरात, 'दोन-वीसची चौपट नऊ-वीस. आलं नऊ-दहा. म्हणजे एक थेंब.'

मूर्ख, मूर्ख मी! चाराचा एक, वेळ चौपट. इतकी वर्षं जे फळ्यावर लिहिलेलं पुसत आले तेच करून ठेवलं, आणि माझा दोन-वीस मीच मोठ्या अक्षरात त्यांच्यासमोर लिहून ठेवला होता. त्यांनी तिथल्या तिथे भागाकार केला होता. फळ्याकडे बघत होते तेव्हाच. सगळं कळून घरी गेले होते आणि मऊ भात लावायला सांगितला होता.

रिक्षावाला विचारत होता, "मॅडम, वेसावे ना? बाजारातून घेऊ की बाहेरून?" शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून मी नुसती बसले होते. लाल शाई. पहिला शब्द नेहमीचाच.

'खोटं. राहू दे.'